लिंबायतची शांतता

नंदुरबार मागे पडलं तेव्हा थंडी वाजते म्हणून मी कोटाच्या खिशात हात घातला आणि हाताला टीव्हीचा रिमोट लागला.

घरून निघताना उषाने, म्हणजे माझ्या पत्नीने, माझी झडती घेतली होती. पिशवीतला ट्रान्झिस्टर काढून घेतला. कॉर्डलेस फोनची जास्तीची बॅटरी मी सवयीने कपड्यांत ठेवली होती, तीही काढली. रिमोट मात्र तिच्या नजरेतून सुटला. माझ्याही. समोरच्या बाकावर माझी मुलगी मेधा बसली होती. अकरावीला आहे. तिने रिमोटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पप्पा, ही खिडकी लागत नाहीये. त्याने लागते का बघा," ती म्हणाली.

डब्यातली दोन माणसं हसली. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण कित्येक आठवड्यांत ती माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलली नव्हती.

मी अमळनेरला केबल टीव्ही चालवतो. गच्चीवर छत्र्या आहेत, जिन्याखालच्या खोलीत यंत्रं आहेत, आणि तिथून निघालेल्या वायरी झाडांवरून, खांबांवरून शे-दोनशे घरांत गेल्या आहेत. तक्रारीचा फोन नंबर घरचाच. चित्र हलतंय, आवाज नाही, कालचा पिक्चर अर्धाच दाखवला, असे फोन पहाटेपासून येतात. मी बहुधा कुठल्यातरी खांबावर असतो. म्हणून फोन घरातली माणसं उचलतात, आणि त्यातही जास्त मेधा, कारण ती फोनजवळच्या टेबलावर अभ्यास करते. घरात टीव्ही दिवसभर चालू, कारण चित्र नीट जातंय की नाही ते मला बघावं लागतं. जेवताना माझं तोंड ताटाकडे आणि डोळे पडद्याकडे. अलीकडे तर मला वाजत नसलेला फोनही ऐकू यायचा आणि मी दचकून उठायचो.

निघायच्या आदल्या दिवशी उषा म्हणाली, "मेधाला तुमच्याशी काहीतरी बोलायचंय. दिवाळीपासून. मला सांगत नाही. 'पप्पांनाच सांगीन' म्हणते. तुमच्याकडे आली की तुम्ही 'एक मिनिट थांब' म्हणता, आणि ते मिनिट काही संपत नाही. नाताळच्या सुट्टीत तिला घेऊन तुमच्या सुरतच्या मावशीकडे जा. तिथे टीव्ही नको, फोन नको. तिचं ऐका आणि मग परत या. नाही ऐकलंत तर परत आल्यावर ती छत्री मी गच्चीवरून खाली ढकलीन."

ती ढकलेल याबद्दल मला शंका नव्हती. मी शब्द दिला. तर सुरतला लोक साड्या घ्यायला जातात, मी मुलीचं ऐकायला गेलो, आणि तेही तिथल्या लिंबायत भागात. ज्यांनी लिंबायत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मेधाने वाचून होकार दिला आहे. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली.

उधना ते लिंबायत

बारडोलीला साखर कारखान्याचा गोड, किंचित आंबूस वास डब्यात शिरतो. दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे कापसाच्या पराट्या बघून डोळे कोरडे झालेले असतात, त्यांना तो हिरवा रंग एकदम अंगावर येतो. उधन्याला उतरलो. रघुनाथ, माझा मावसभाऊ, घ्यायला आला होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, लूमच्या खात्यात मास्तर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा. खातं म्हणजे जिथे यंत्रमाग चालतात ती शेड. सुरतेत कारखाना असं कोणी म्हणत नाही, खातंच म्हणतात.

"मजामा ना, दादा?" त्याने माझी पिशवी उचलली. "आणि ही मेधा? ही तर शोभापेक्षा उंच झाली." शोभा म्हणजे त्याची बायको.

रिक्षा लिंबायतच्या गल्लीत शिरली आणि मला पहिल्यांदा कळलं की शांतता शोधायला आपण कुठे आलो आहोत. दोन्ही बाजूंना खाती. प्रत्येक खात्यात माग चालू. खटाखट, खटाखट. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो छातीत वाजतो. रघूच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच एक खातं आहे. फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून सतत किणकिणत असतात. घरातल्या कुणालाही ते ऐकू येत नाही. मी म्हणालो तेव्हा शोभावहिनीने फळीकडे असं पाहिलं, जणू मीच पेले घेऊन आलो आहे.

मावशी आत कोथिंबीर निवडत बसली होती. तिने या शहरात उभं आयुष्य कांड्या भरल्या. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी म्हणजे कांडी. मागांनी तिचे कान कधीच नेले. मी चप्पल काढत, पाठमोरा, "मावशी, कशी आहेस?" म्हणालो. उत्तर नाही. वाकून पाया पडलो तर डोक्यावर थापट बसली.

"उना का रे भास्कर? अशी पाठ करीसन काय बोलस? तोंड दखाड."

मी तोंड दाखवलं. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, वाळलास. ती म्हणाली, तू झोपत नाहीस. ते खरं होतं.

तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या टीव्हीकडे गेली. तो मीच पाठवलेला. मावशीला एकटं वाटू नये म्हणून रघूबरोबर दिला होता, सरकत्या फळीचा, ब्लॅक अँड व्हाइट. मला इतकी वर्षं येणं जमलं नाही, त्याच्या बदल्यात. मनातल्या मनात मी त्या टीव्हीवर खूश होतो. आता त्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि पाठीवर कुरडया वाळत घातल्या होत्या.

"बिघडला का?" मी विचारलं. बिघडलेला टीव्ही दिसला की माझा हात शिवशिवतो.

"चांगला आहे," रघू म्हणाला. "आईचं आणि त्याचं पटलं नाही."

मग मावशीनेच सांगितलं. तिला ऐकू येत नाही, ती ओठ बघून समजते. खात्यात सगळेच तसं समजतात. बातम्या देणारी बाई तिला समजायची. पण मालिका लागल्या, आणि त्यातल्या निम्म्या दक्षिणेकडून आणून हिंदीत बसवलेल्या. ओठ एक म्हणायचे, खालून आवाज दुसराच. मावशीला आवाज नाहीच, फक्त ओठ. "सगळे नुसते चावत होते," ती म्हणाली. मग हाताने टीव्ही उडवून लावत पुढे म्हणाली, "तो डबा बोलस, पन मनाकडे दखत नही." म्हणजे बोलतो, पण माझ्याकडे बघत नाही.

मेधा हसली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पेल्यांकडे पाहिलं.

एसटीडी

दुसऱ्या दिवसाबद्दल लिहायला लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीचं सगळं खोटं होईल.

सकाळ चांगली गेली. शोभावहिनी आम्हाला बाजारात घेऊन गेली. ती मूळची शिरपूरकडची, पण आता पक्की सुरती. प्लेगच्या साथीच्या त्या वर्षानंतर सुरत कशी झाडून-पुसून काढली ते ती असं सांगते, जणू झाडू तिच्याच हातात होता. "भाऊजी, बघा, कागद दिसतोय का रस्त्यावर? तुमच्या अमळनेरला दिसतो का नाही ते सांगा." अमळनेरला दिसतो, हे मी कबूल केलं. तिने गरम लोचो खायला घातला. चण्याच्या डाळीचा, वाफेवरचा, मऊसर, वर तेल आणि शेव. आपण ढोकळा वड्या पाडून ताटात मांडतो. इथे तोच ऐवज आकार न देता पानावर पसरतात आणि त्या विस्कटलेल्या रूपाचाच अभिमान बाळगतात. मेधाने दोनदा घेतला.

दुपारी मला चैन पडेना. आज रविवार, म्हणजे संध्याकाळचा पिक्चर. मेव्हण्याला यंत्रं सांभाळायला सांगितली होती. त्याने कॅसेट रिवाइंड केली असेल का? बूस्टर तापला तर? मी पान खाऊन येतो म्हणालो आणि कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या काचेच्या खोपटात शिरलो. आत मोठाले लाल आकडे पळत होते. नंबर लागला. उषाने उचलला.

"मी बोलतोय."

"कोणी गेलं का?"

"नाही."

"कोणी पडलं, झडलं?"

"नाही गं, फक्त कॅसेट..."

"मग ठेवा," ती म्हणाली आणि तिनेच ठेवला.

मी हसत वळलो. काचेबाहेर मेधा उभी होती, हातात भाजीची पिशवी. वहिनीने तिला लिंबं आणायला पाठवलं होतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली. तिच्या मागून चालताना माझ्या मनात आलं, ही पोर दिवाळीपासून माझ्यासमोर अशीच काचेबाहेर उभी असणार, आणि मी आत आकडे बघतोय.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "चुकलो. तुला काही सांगायचं होतं ना? सांग."

"काही नाही," ती म्हणाली. आणि मावशीजवळ जाऊन बसली.

सांग म्हटल्यावर माणूस सांगत नाही. इतक्या लोकांच्या तक्रारी रोज ऐकूनही एवढं मला कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मला काहीच करायला नव्हतं. काहीच म्हणजे अक्षरशः काही नाही. हात मांडीवर ठेवले की ते दुसऱ्याचे वाटायचे. मी भिंतीला टेकून बसलो. भिंत थरथरत होती, पलीकडचे माग चालू होते. आणि बसल्या बसल्या मला झोप लागली. जेवायलाही उठलो नाही. सकाळी जागा झालो तेव्हा लक्षात आलं की त्या आवाजाखाली माझा तो वाजत नसलेला फोन बुडून गेला होता.

तापीकाठचा पोंक

एका सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी उठून बसली. तिने जमिनीवर तळहात ठेवला होता. "जमीन थांबनी," ती म्हणाली. मला काही कळेना. रघूने सांगितलं, आज या भागातल्या खात्यांना आठवड्याची सुट्टी. माग बंद. ऐकू न येणारी बाई शांततेने जागी झाली होती. गल्लीत बघावं तर सगळेच जरा हरवल्यासारखे. दोन माणसं समोरासमोर उभी राहून आवाजात बोलायच्या ऐवजी नुसते ओठ हलवत आणि हातवारे करत होती. सवय.

त्या दिवशी आम्ही तापीकाठी पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडा. पण आपला हुरडा शेतात, आगटीभोवती, हातावर चोळून, गूळ आणि लसणाची चटणी घेऊन खायचा. यजमान आग्रह करणार आणि पाहुणा राख फुंकत बसणार. इथे नदीच्या काठावर मांडव घालून पोंक विकतात. हिरवेगार, स्वच्छ पाखडलेले दाणे, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे बारीक दाणे आणि ताक. मला आधी ते पोरकट वाटलं. ज्वारीबरोबर साखर कोण खातं? मग खाल्लं. अमळनेरच्या माझ्या मित्रांनी मला माफ करावं, पण त्या शेवेपुढे आपल्या चटणीने जरा बाजूला सरकायला हरकत नाही. गोडवा मात्र आपल्या शेतातल्या हुरड्यालाच जास्त. एवढं मी मांडववाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "तमारी जुवार, अमारी सेव," आणि आणखी मूठभर वाढली.

मेधा आणि मावशी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. मध्येच मेधाने अंगठा तोंडाकडे नेला, मावशीने मान हलवली, आणि रघू चहा सांगायला उठला.

"हे काय?" मी विचारलं.

"तिने आईकडून शिकून घेतलं," रघू म्हणाला. "अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. हात असा आडवा कापला म्हणजे तार तुटली, मागावरचा धागा तुटला. कपाळावर दोन बोटं म्हणजे शेठ आला, काम करा." तो हसला. "बाकी सगळं ओठावर. खात्यात ओरडून उपयोग नाही, दादा. तोंडाकडे बघायचं. म्हणून आमची माणसं भांडतानासुद्धा नजर काढत नाहीत. नजर काढली की भांडण संपलं, समोरच्याची शिवीच पोचत नाही."

"मलाही शिकव," मी मेधाला म्हणालो.

तिने जरा विचार केला. मग आवाज न काढता काहीतरी म्हणाली. मी शेव पुढे केली. तिने मान हलवली. पुन्हा म्हणाली. मी ताक दिलं. पुन्हा. मी लिंबू दिलं. मावशीला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडावर धरला, आणि मग मेधाही हसली, दात दाखवून, लहान होती तेव्हा हसायची तशी.

"मीठ, पप्पा," ती शेवटी आवाजात म्हणाली. "तुम्ही ओठांकडे बघतच नाही. तुम्ही वाटीकडे बघून अंदाज करता."

"बघतो. परत म्हण."

ती पुन्हा म्हणाली. मी या वेळी खरंच तिच्याकडे पाहिलं. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक वण आहे. तो कधी झाला, मला आठवेना. डोळ्यांखाली काळं होतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांखाली काळं का असावं? तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तिला जे सांगायचं आहे ते कॉलेजातला विषय बदलण्याचं किंवा सहलीला जाण्याचं नाही, हे मला त्या चेहऱ्यावर दिसलं. मी विचारलं नाही. मीठ दिलं. दिवसभर आम्ही तोच खेळ खेळलो, आणि परत येताना रिक्षात तिने म्हटलेलं 'थंडी' मला पहिल्या फटक्यात समजलं. मी कोट काढून दिला. त्यातला रिमोट काढायचा राहिला होता. तो तिने माझ्या हातात ठेवला.

खातं

परतायच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाली, रघूचा डबा घेऊन आपणच जाऊ, पोरीला खातं बघू दे.

मी यंत्रांतला माणूस आहे, तरी त्या दारात थबकलो. आत लांबच लांब मागांच्या रांगा, हवेत सुताची कणी तरंगत होती, दिव्यांभोवती तिचं धुकं झालं होतं. आणि आवाज. आवाज असा की आपल्याच मनातलं आपल्याला ऐकू येईना. प्रत्येक कारागिराकडे कितीतरी माग. तो या मागावरून त्या मागाकडे जाता जाता तुटलेली तार दोन बोटांत धरून गाठ मारतो. हे सगळे आपल्याकडचे. शिंदखेड्याचे, साक्रीचे, पारोळ्याचे, चोपड्याचे. देशभरातल्या बाया ज्या साड्या नेसतात त्यातल्या किती या हातांतून गेल्या असतील, हा विचार मनात आला आणि छाती भरून आली. गावाकडे आपण सहज म्हणतो, 'सुरतला गेला', जसं काही वाया गेला. असं कोणी म्हणालं तर त्याला मी आता या दारात आणून उभा करीन.

रघूने मला एक नवीन नमुना बघायला रांगेच्या पलीकडे बोलावलं. मेधा आणि मावशी अलीकडे राहिल्या. आमच्यामध्ये दोन माग धडधडत होते. मी कापडाकडे वाकलो होतो. तेवढ्यात समोरून मावशीने हात हलवला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मेधाकडे बोट केलं आणि ओठांनी म्हणाली, मला नीट समजलं: "मनाकडे नको. तिनाकडे दख."

मेधा माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात घट्ट धरले होते. ती बोलू लागली. आवाज काढत होती की नाही देव जाणे, तिथे काही फरक पडत नव्हता.

पहिल्यांदा मला काहीच समजलं नाही. मी डोकं हलवलं. ती पुन्हा बोलली, सावकाश.

फोन.

मी मान डोलावली.

फोनवर. एक माणूस.

मी मान डोलावली.

घाण बोलतो. तुम्ही नसता तेव्हा. रोज.

मी ओठांनी विचारलं, "कधीपासून?" तिने सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून. चित्र येत नाही म्हणून सुरुवात करतो, मग बोलतो. ठेवला तर परत करतो. आईला सांगितलं तर ती घाबरून माझं कॉलेज बंद करेल. तुम्हाला सांगायला आले होते. तीनदा. तुम्ही मॅच...

पुढचं मी वाचलं नाही, वाचायची गरज नव्हती. पण मी नजर काढली नाही. एवढं मात्र मी केलं, आणि ते अभिमानाने लिहितो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीचं बोलणं संपेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग मी म्हणालो, एकेक शब्द वेगळा करून, "तू आता फोन उचलायचा नाहीस. मी उचलीन. कॉलेज बंद होणार नाही."

"शब्द?" तिने विचारलं.

एसटीडीच्या खोपटानंतर तिने हे विचारलं ते बरोबरच होतं. "शब्द," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. आणि मग माझ्या लक्षात आलं. आम्हा दोघांना वाटलं होतं की इतक्या आवाजात कुणाला काय कळणार. पण हे ओठ वाचणाऱ्यांचं खातं. इथे ओरडलेलं ऐकू जात नाही, आणि पुटपुटलेलं मात्र शेडच्या त्या टोकापर्यंत समजतं. भर चौकात बोलावं तशी माझी पोर बोलली होती. मी घाबरून आजूबाजूला पाहिलं.

कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं. रांगेतला प्रत्येक कारागीर मान खाली घालून आपल्या कापडाकडे बघत होता. ज्याच्या मागाची तार तुटली नव्हती तोही. माझ्या शेजारी रघू, तोही. हाताने तो उगाचच एक विणून झालेला पट्टा चाचपत होता. सगळ्या खात्यात फक्त मावशीची नजर वर होती, आणि ती नातीवर होती.

घरी जाताना मेधा आणि मावशी पुढे चालत होत्या. रघू आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. मी त्याला विचारलं, "सगळ्यांना समजलं ना?"

"काय समजलं?" तो म्हणाला. मग थोडं चालल्यावर म्हणाला, "खात्यात कोणी घरचं बोलायला लागलं, दादा, की आम्ही कापडाकडे बघतो. माझं लग्न मोडत आलं होतं तेव्हा शोभा अशीच डबा घेऊन आली होती आणि तिथे उभी राहून अर्धा तास मला बोलली. एकाने मान वर केली नाही. खात्याला दारं नाहीत. मान खाली घातली की दार लागलं."

पुढे उसाच्या रसाचं दुकान होतं. मेधा थांबली आणि वळून, आवाज न काढता, म्हणाली, "रस." मला लगेच समजलं. रस पिताना ती एवढंच म्हणाली, "पप्पा, ते परत सांगायला लावू नका."

"नाही लावणार."

अमळनेर

निघताना मावशीने मेधाला पोंकाची शेव दिली आणि मला काहीच दिलं नाही. फक्त हनुवटी धरून पुन्हा उजेडाकडे वळवली. "झोपना," ती म्हणाली, म्हणजे झोपलास. टीव्ही परत घेऊन जा म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, कुरडयांना बरा आहे.

घरी आल्यावर मी आधी फोन जिन्याखालच्या खोलीत नेला. उषाला सगळं सांगितलं, मेधाच्या समोर. ती घाबरली, मग संतापली, आणि कॉलेजबद्दल एक शब्दही बोलली नाही. मुलीने आईला थोडं कमी ओळखलं होतं, त्याचं मेधाला फार बरं वाटलं.

तो फोन आला. आवाजाला बापाची अपेक्षा नव्हती. मी काही बोललो नाही, फक्त ऐकलं, आणि आवाज ओळखला. रोज नमस्कार करणारा माणूस. नाव इथे लिहीत नाही. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या तोंडाकडे बघत त्याने फोनवर काय म्हटलं होतं ते त्यालाच सांगितलं, नजर न काढता. त्याने काढली. मग बाहेर येऊन खांबावर चढलो आणि त्याची वायर स्वतःच्या हाताने कापली. खांबावरून उतरताना खाली मेधा सायकल धरून उभी होती. तिने हात आडवा कापून दाखवला. तार तुटली.

आता आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद असतो. केबलवाल्याच्या घरी टीव्ही बंद, याची कॉलनीत थट्टा होते, होऊ दे. तक्रारी थोड्या उशिरा सुटतात. कोणी मेलेलं नाही. रिमोट कुठे आहे ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं. कोटाच्या खिशातच होता.

परवा जेवायला बसलो होतो. खाली फोन वाजत होता. खरोखरचा. कुणीच उठलं नाही. मेधाने समोर बसलेल्या आईला, आवाज न काढता, काहीतरी सांगायला सुरुवात केली. उषाही आता शिकली आहे. दोघींचं काहीतरी गुपित होतं, मेधाचे कान लाल झाले होते.

मला आता ओठ चांगले समजतात. मी मान खाली घातली आणि भाकरीकडे बघत राहिलो.